मरणाच्या उशाशी : लपवलेलं सत्य आणि दाखवलेली दया

केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग 18 मे 2015 रोजी सकाळी गेल्या आणि त्याच दिवशी भोईवाड्याच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. रुग्णालयाचे तेव्हाचे अधिष्ठाता डॉ. अविनाश सुपे अग्नी देणाऱ्यांत होते. केईएमच्या सिस्टर्सनी गर्दी केली होती. त्यांतल्या कित्येकजणी 1973 साली, अरुणाबाईंवर हल्ला झाला तेव्हा, जन्मलेल्याही नव्हत्या, तरी घरचं माणूस गेल्यासारख्या त्या रडत होत्या.

भोईवाड्याहून वडाळा हाकेच्या अंतरावर आहे. वडाळ्याच्या कॅथलिक चर्चचं नाव ‘अवर लेडी ऑफ डोलर्स’, म्हणजे सात दुःखं सोसलेली मरिया. त्या सातांतला एक प्रसंग असा : मुलगा क्रुसावर मरतो आहे आणि आई पायथ्याशी उभी आहे. तिला खिळे उपटता येत नाहीत की मरण लवकर आणता येत नाही. ती तिथून हलत मात्र नाही. दया आणि मरण यांचा विचार करताना कॅथलिक माणसाच्या डोळ्यांसमोर हे चित्र असतं. अर्थात चित्र डोळ्यांसमोर असलं म्हणून अतिदक्षता विभागातले प्रश्न सुटत नाहीत. आजच्या व्याख्यानाचा विषय हे न सुटणारे प्रश्नच आहेत.

शेवटच्या दिवसांत अरुणाबाईंना न्यूमोनिया झाला, अतिदक्षता विभागात हलवलं गेलं, व्हेंटिलेटर लावला गेला. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे हे यंत्र लावणं बंधनकारक होतं का? बहुतेकांना वाटेल, होतं. चर्च तर शेवटच्या श्वासापर्यंत झुंजायला सांगतं. प्रत्यक्षात उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते साठ-सत्तर वर्षं जुनं आहे.

24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरं दिली. श्वासोच्छ्वासाची यंत्रं तेव्हा नुकती रुग्णालयांत आली होती आणि ऑस्ट्रियातले डॉ. ब्रुनो हाइड यांना ती कधी लावावीत, कधी काढावीत हे उमजत नव्हतं. पोपमहोदयांचं म्हणणं असं की जीव राखण्यासाठी नेहमीचे उपाय करणं कर्तव्य आहे. रोग्यावर आणि घरच्यांवर जड ओझं टाकणारे असाधारण उपाय कुणावर लादता येत नाहीत. मृत्यू नेमका कधी झाला हे ठरवणंही त्यांनी डॉक्टरांवर सोपवलं. चर्चचा तो प्रांतच नव्हे, असं खुद्द पोपनी सांगितलं.

या विचाराचं मूळ त्याहून बरंच जुनं आहे. सोळाव्या शतकातले स्पॅनिश डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी एक साधा दाखला घेतला होता. कोंबडीचं महागडं खाणं खाल्लंस तर आणखी वर्षं जगशील, असं वैद्याने सांगितलं. म्हणून ते खाल्लंच पाहिजे का? व्हितोरियांच्या मते नाही. साधं जेवण घेऊन माणूस लवकर गेला तर त्याच्या माथी आत्महत्येचं पाप येत नाही. हा दाखला परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर, जमीन गहाण टाकून आलेल्या जळगावच्या किंवा बीडच्या कुटुंबाला सांगितला तर ते कुटुंब चटकन समजेल. पंडितांपेक्षा लवकर समजेल.

मग चर्च अडतं कुठे? हेतूपाशी. 1957च्याच फेब्रुवारीत याच पोपनी सांगितलं होतं की वेदना थांबवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं घटलं तरी ते औषध देता येतं. पुढे 1980 साली व्हॅटिकनने दयामरणावर जे निवेदन काढलं, 1995 साली दुसरे जॉन पॉल यांनी जीवनमूल्यावर जे विश्वपत्र लिहिलं आणि 2020 साली आजाऱ्यांच्या सेवेवर जे पत्र आलं, त्या सगळ्यांत हीच रेघ आहे. वेदना मारण्यासाठी मॉर्फिन चालेल, माणूस मारण्यासाठी चालणार नाही. डोस दोन्हींकडे सारखाही असू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक शाब्दिक वाटतो, पण वॉर्डात काम करणाऱ्यांना तसा वाटत नाही. वेदना शमेपर्यंत हात राखून औषध देणारा डॉक्टर आणि एकदम मोकळं करू पाहणारा डॉक्टर त्यांनी जवळून पाहिलेले असतात.

दुसरी अडचण अन्नपाण्याची. 20 मार्च 2004 रोजी दुसरे जॉन पॉल म्हणाले की दीर्घ बेशुद्धीत पडलेल्या माणसाला अन्नपाणी देणं, नळीने का होईना, ही तत्त्वतः नेहमीची सेवा आहे, औषधोपचार नव्हे. अरुणा शानबाग प्रकरणाची गाठ इथेच पडते.

ते प्रकरण थोडक्यात असं. 27 नोव्हेंबर 1973च्या संध्याकाळी केईएमच्या तळघरात सोहनलाल वाल्मीकी या सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अरुणा शानबाग यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. कारवारच्या बाजूच्या हळदीपूर गावातून आलेली पंचविशीतली ही मुलगी पुढची जवळपास 42 वर्षं त्याच रुग्णालयाच्या चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत राहिली. पिंकी विराणी यांनी 1998 साली तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला भरवणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं. न्यायालयाने तीन डॉक्टर पाठवले : टाटाचे डॉ. दिवातिया, हिंदुजाचे डॉ. गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे डॉ. नीलेश शहा. 7 मार्च 2011 रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. अरुणाची जवळची माणसं कोण, तर केईएमचे कर्मचारी, असं न्यायालय म्हणालं. त्याच निकालाने कडक अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवायची वाटही देशात पहिल्यांदा मोकळी केली. परळमध्ये सिस्टर्सनी त्या दिवशी पेढे वाटले.

न्यायालयासमोरच्या कागदांत एक बारीक नोंद आहे आणि ती सगळ्या युक्तिवादांपेक्षा वजनदार आहे. इतक्या वर्षांत या रोग्याला एकही बेडसोर झाला नव्हता. खाटेला खिळलेल्या माणसाचं ज्यांनी घरी केलंय त्यांना याचा अर्थ कळेल. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चादरीला चुणी राहू द्यायची नाही, कारण चुणीसुद्धा कातडी सोलते. टाचा, माकडहाड, खांद्याची हाडं रोज तपासायची, ओल टिपायची, तोंड आतून पुसायचं. आणि भरवायचं. बरीच वर्षं अरुणाबाई तोंडाने खात. भरडून मऊ केलेलं अन्न त्या गिळत, मासे त्यांना आवडत. नळी आली ती 2010च्या मलेरियानंतर. महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचा घाट घातला तेव्हा सिस्टर्सनी उठाव करून तो हाणून पाडला. पोपचं निवेदन त्यांतल्या बहुतेकींनी वाचलेलं नसणार. निवेदनात जे लिहिलं होतं ते त्या रोज तीन पाळ्यांत करत होत्या.

तरीही पिंकी विराणींना खलनायिका ठरवणं अन्यायाचं होईल. बंद खोलीतल्या त्या शरीराची किंकाळी त्यांनी ऐकली होती आणि अशा जगण्याला काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न आजही उभा आहे. या वक्त्याचा कौल सिस्टर्सच्या बाजूने आहे. पण तो देताना हात थोडा कापतो. कापायला हवा.

या प्रकरणात खरी चीड येते ती 1973च्या कागदांची. तक्रारीत अत्याचाराचा उल्लेखच नव्हता. मुलीचं लग्न ठरलंय, बदनामी होईल, या विचाराने रुग्णालयाने तो दडवला असं सांगितलं जातं. हेतू दयेचाच असेल. फळ काय? आरोपीवर लुटीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा खटला चालला, सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा एकत्र भोगून तो सुटला. लैंगिक गुन्ह्याचा आरोप त्याच्यावर कधी आलाच नाही. अरुणाबाईंना तर आपलं नाव राखलं जातंय की नाही हे कळण्याचीही शक्यता उरली नव्हती. ती दया ज्यांच्यावर केली असं म्हटलं गेलं, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. पोहोचली ती दुसऱ्याच माणसापर्यंत.

कॅथलिक वक्त्याने इथे केईएमकडे बोट दाखवून थांबू नये. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवताना बिशपांनी अगदी हीच भाषा वापरली : चूक झाली, माफ करा, बभ्रा नको, चर्चचं नाव जाईल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ज्युरींचा अहवाल ऑगस्ट 2018मध्ये आला, त्यात अनेक दशकांची अशी दडपादडपी नावानिशी होती. पोप फ्रान्सिस यांनी त्याच महिन्यात जगभरच्या कॅथलिकांना पत्र लिहून लाज आणि पश्चात्ताप व्यक्त केला. हेच पोप त्याआधी 8 डिसेंबर 2015पासून 20 नोव्हेंबर 2016पर्यंत ‘दयेचं वर्ष’ साजरं करून मोकळे झाले होते. दयेच्या वर्षानंतर दोनच वर्षांनी असं पत्र लिहावं लागणं, यात त्या वर्षावर जी टीका आहे ती कुठल्याही नास्तिकाला करता आली नसती.

वडाळ्याच्या जमिनीत याच गुंत्याचा आणखी जुना दाखला आहे. हवाईतल्या मोलोकाई बेटावर महारोग्यांची सेवा करता करता तोच रोग जडून बेल्जियन धर्मगुरू फादर डॅमियन 15 एप्रिल 1889 रोजी वारले. जगभर हळहळ झाली आणि भीतीही पसरली. लंडनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकाराने कुष्ठरोग निधी उभा राहिला, त्याच्यातर्फे पाहणी करायला आयोग हिंदुस्थानात आला. मुंबईत 1890 साली महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांनी माटुंगा-वडाळ्याच्या माळावर बेघर महारोग्यांसाठी आश्रम काढला. आजचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. ॲक्वर्थसाहेब म्हणजे शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 साली छापणारे रसिक गृहस्थ. त्यांच्या कामात कळवळा होता, तसं रस्त्यावरचे रोगी शहराच्या नजरेआड करण्याचं कामही होतं. दोन्ही खरं. पुढे 1898च्या कायद्याने रोग्यांना कोंडून ठेवायची सोय झाली आणि कळवळ्याला कुलूप लागलं.

डॅमियन यांच्यावर मेल्यानंतर चिखलफेक झाली. हवाईतल्या एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने त्यांना गलिच्छ आणि दुराचारी म्हटलं. उत्तर दिलं ते कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी, 1890 साली खुलं पत्र लिहून. ते स्वतः कॅथलिक नव्हते. गंमत म्हणजे त्यांनी डॅमियनचे दोष नाकारले नाहीत. ते अस्वच्छ होते, हट्टी होते, संकुचितही होते, हे कबूल करूनच स्टीव्हन्सन त्यांच्या बाजूने उभे राहिले. पत्र टिकलं ते या कबुलीमुळे. चर्चने डॅमियन यांना संत केलं ते 2009 साली.

मराठी श्रोत्याचा खरा आक्षेप वेगळाच असतो, आणि तो योग्य आहे. आपल्याकडे ठरवून पत्करलेल्या मरणाला मान आहे. आळंदीची समाधी सोडा, दादरचंच उदाहरण घ्या : शिवाजी पार्कजवळच्या घरात सावरकरांनी 1 फेब्रुवारी 1966पासून अन्न आणि औषध सोडलं आणि 26 तारखेला देह ठेवला. आत्महत्या वेगळी आणि कृतार्थ माणसाचं आत्मार्पण वेगळं, असं त्यांनी आधी लिहूनही ठेवलं होतं. पवनारला विनोबांनी 1982 साली तेच केलं. चर्चला हे मान्य नाही. आयुष्य आपल्या मालकीचं नाही, ते सांभाळायला दिलेलं आहे, एवढंच त्याचं उत्तर. मान्य न करताही या दोन मरणांपुढे कॅथलिक माणसाला आदराने उभं राहता येतं. त्यांत लपवाछपवी नव्हती.

आत्महत्येबद्दल तर चर्च स्वतःच पुष्कळ बदललं. पूर्वी आत्महत्या केलेल्याला पवित्र भूमीत पुरत नसत. 1983च्या धर्मविधिसंहितेतून ती बंदी गेली. 1992च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितलं की मनाच्या आजाराने, भीतीने माणसाची जबाबदारी कमी होते आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. साधारण त्याच काळात, 1986 साली, मुंबई उच्च न्यायालयाने मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ते पुन्हा उभं केलं. नव्या न्यायसंहितेत ते आता नाही. कायदा आणि चर्च, दोघेही अडखळत का होईना, एकाच दिशेने गेले.

डिसेंबर 2017मध्ये गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली. दोघांना दुर्धर आजार नव्हता. मूलबाळ नव्हतं, उद्या अंथरूण धरलं तर कुणावर ओझं नको, एवढंच म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी त्यावर चार दिवस चर्चा केली. त्या पत्राला तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नाही. ‘आम्ही आहोत’ असं म्हणणारा शेजार असेल तर ते उत्तर, आणि चाळी पाडून टॉवर उठलेल्या गिरगावात तो शेजार कुठून आणायचा हे कुठल्याही विश्वपत्रात लिहिलेलं नाही.

काही ठिकाणी मात्र उत्तर विटा-चुन्यात उभं आहे. टाटा रुग्णालयात काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांना एक प्रश्न छळत होता : ‘आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही’ असं सांगितल्यावर रोगी जातो कुठे? 1986 साली त्यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळ ‘शांती आवेदना’ सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला, धर्म न विचारता, पैसे न घेता तिथे ठेवतात. सिस्टर्स जखमा धुतात, मॉर्फिन वेळच्या वेळी देतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही टाटाचे रोगी आणि त्यांची माणसं राहतात. गोधडीवाल्या बाबांच्या नावाची धर्मशाळा आणि सिस्टर्सचं हॉस्पिस, दोन्हींत तत्त्वाचा वाद झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

हॉस्पिसमध्ये आणि टाटाच्या ओपीडीत एक वाक्य रोज ऐकू येतं. मुलगा किंवा सून डॉक्टरांना दाराबाहेर गाठते आणि हळूच म्हणते, ‘‘बाबांना काही सांगू नका हं, ते खचतील.’’ फाइल पालथी धरलेली असते. आत बाबा बायकोला विचारत असतात, ‘‘पोरांना कळलंय का गं? त्यांना नको सांगू.’’ दोन्हीकडून प्रेम, दोन्हीकडून पडदा. मग बँकेचे कागद राहतात, मोठ्या भावाशी बारा वर्षांचा अबोला तसाच राहतो. कॅथलिक असेल तर पाद्रीबाबांना बोलवायलाही घरचे कचरतात, कारण ते तेल घेऊन आले म्हणजे संपलंच असा समज. खरं तर पोप सहावे पॉल यांनी 1972 सालीच तो विधी मरणाऱ्यांपुरता न ठेवता आजाऱ्यांचा केला. पन्नास वर्षं झाली, वडाळ्यातल्या काय किंवा वसईतल्या काय, आजीच्या डोक्यातून जुना अर्थ गेलेला नाही.

दयेची कामं कोणती, याची यादी चर्चने फार पूर्वीच करून ठेवली आहे : भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला थारा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. 2020 साली ही यादी तळोजा तुरुंगात तपासून पाहिली गेली. 83 वर्षांचे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांचे हात पार्किन्सन्समुळे थरथरत, पेला धरता येत नसे. त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. त्या प्लास्टिकच्या भांड्यावर आठवडे गेले, तारखा पडल्या. 5 जुलै 2021 रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना, खटला उभा राहायच्या आत वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले. आरोपांबद्दल कुणाचं काहीही मत असो. पाणी पिण्याच्या साधनासाठी म्हाताऱ्या माणसाला अर्ज करावा लागतो, तेव्हा प्रश्न राजकारणाच्या बराच अलीकडचा असतो.

राहता राहिला कागद. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण त्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. रुग्णालयातल्या दोन वैद्यकीय मंडळांनी निर्णय तपासायचा असतो. कॅथलिक माणसाने हा कागद करावा का, असा प्रश्न मिस्सेनंतर चर्चच्या आवारात विचारला जातो. करायला हरकत नाही. व्हेंटिलेटर नको, छाती दाबून पुन्हा जिवंत करण्याची धडपड नको, वेदनेवर पुरेसं मॉर्फिन द्या, हे बिनदिक्कत लिहावं. अन्नपाण्याची ओळ लिहिण्याआधी धर्मगुरूंशी बोलून घ्यावं. आणि कागद कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवू नये, रात्री दोन वाजता रुग्णवाहिका आली की तो कुणाला सापडत नाही. एक प्रत मुलांकडे आणि एक फॅमिली डॉक्टरकडे असावी, आणि देताना त्यांना तो समोर बसवून वाचून दाखवावा.